शंभर डेसिबलच्या कर्ण्यांना जुना ॲम्प्लिफायर कोणता जोडावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझे थोरले मामा विट्याच्या आसपास आणि पुढे माणदेशात जत्रांच्या हंगामात तंबूतला सिनेमा दाखवीत असत. त्यांच्या साहित्यापैकी दोन मोठ्या लाकडी स्पीकरपेट्या तेवढ्या घराच्या माळ्यावर शिल्लक होत्या. त्या मी गेल्या दिवाळीत सांगलीला, विश्रामबागेतल्या घरी आणल्या. प्रत्येक पेटीत कागदी कोनाचा १५ इंची वूफर आणि त्याच्या वर धातूचा कर्णा आहे. चुंबकामागच्या पट्टीवर १६ ओहम असे कोरलेले आहे. मल्टिमीटरने २.८३ व्होल्ट बसवून एक मीटर अंतरावरून मोबाइलच्या ॲपने मोजले, तेव्हा आकडा ९७ डेसिबलच्या आसपास आला.

माझी खोली १२ बाय १६ फुटांची असून बसण्याची जागा स्पीकरपासून तीन मीटरवर आहे. ऐकणे बहुतेक रात्री उशिरा आणि हलक्या आवाजात होते. त्यात ख्यालगायन आणि जुने नाट्यसंगीत अधिक असते, आणि ते तबकड्यांवरून व सीडीवरून ऐकतो. आवाकाही चाळीस हजारांपर्यंतच आहे. मला जुनाच ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे आणि समोर तीन पर्याय आहेत. पहिला पुण्यातील परिचितांकडचा, १९७८ च्या सुमाराचा १२० वॅटचा जपानी रिसीव्हर. दुसरा साताऱ्यातील एका गृहस्थांकडचा क्वाड ३०३ आणि त्याच्याबरोबरचा ३३ हा प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे इनपुट निवडण्याचा व आवाजाच्या कळीचा आधीचा टप्पा. तिसरा मिरजेतील एका स्नेह्यांकडचा लीक स्टीरिओ २०, म्हणजे ईएल८४ या व्हॉल्व्हचा, अर्थात काचेच्या निर्वात नळ्यांचा. यांपैकी कोणता घ्यावा आणि का, हे अनुभवी सभासदांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

अजिंक्यतारा (सातारा)

मी निःसंकोचपणे रिसीव्हर सुचवीन. १९७० च्या दशकातील जपानी रिसीव्हरांची बांधणी पाहिली, त्यांचे ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन पाहिले, की त्या काळी कंपन्यांनी किती मन लावून काम केले होते ते समजते. १२० वॅट हाताशी असले की डग्ग्याचा घुमारा सैल पडत नाही आणि ॲम्प्लिफायरला कधी धाप लागत नाही. शिवाय ट्यूनर, टोन कंट्रोल आणि फोनो इनपुट हे सर्व एकाच पेटीत मिळते. माझ्याकडे याच वर्गातला एक रिसीव्हर गेली बारा वर्षे रोज चालू आहे.

निवृत्त_तंत्रज्ञ (कऱ्हाड)

धागाकर्त्यांनी मोजमाप करून प्रश्न विचारला, याचे मला विशेष समाधान वाटले. त्या मोजमापात एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट हे समीकरण ८ ओहमच्या स्पीकरला लागू पडते. १६ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टला अर्धाच वॅट पोहोचतो, आणि पूर्ण वॅटासाठी ४ व्होल्ट द्यावे लागतात. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, म्हणून आपल्या स्पीकरची संवेदनशीलता वॅटाला ९७ नसून १०० डेसिबल धरावी. मोबाइलच्या मापात दोन-तीन डेसिबलची चूक असली, तरी पुढच्या हिशेबाचा निष्कर्ष बदलत नाही.

तीन मीटरवर बसल्याने मोकळ्या जागेच्या हिशेबाने साडेनऊ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर असल्यामुळे सुमारे तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला आपल्या खुर्चीपाशी ९३ डेसिबल पोहोचतात, आणि बंद खोलीत त्याहून थोडे अधिकच. रात्री गाणे ऐकताना सरासरी ७५ डेसिबल असले तरी ते भरगच्च वाटते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती एका वॅटाचा साठावा भाग एवढीच आहे. तानेचा किंवा सम गाठणाऱ्या तबल्याचा उसळता क्षण सरासरीहून २० डेसिबल वर गेला असे धरले, तरी दोन वॅट पुरतात. १२० वॅटांपैकी ११८ आपण आयुष्यात कधी वापरणार नाही.

मोठ्या रिसीव्हरांना वाईट ठरवण्याचा यात हेतू नाही. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ ने बंद, लहान पेटीतून खोल खर्ज काढण्याचा मार्ग दाखवला, पण त्याची किंमत संवेदनशीलतेच्या रूपाने द्यावी लागली, आणि तशा पेट्या घरोघरी गेल्यावर वॅट वाढवणे भागच पडले. १९७४ मध्ये अमेरिकेत वॅट मोजण्याचे नियम ठरले आणि त्यानंतर छापील आकड्यांची चढाओढ इतकी वाढली, की १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० चॅनेलमागे २७० वॅटांवर गेला. ते वॅट त्या स्पीकरांच्या भुकेसाठी होते. आपल्या कर्ण्यांना ती भूक नाही.

आता ज्या गोष्टीवर निवड ठरली पाहिजे, ती म्हणजे ॲम्प्लिफायरची स्वतःची सरसर आणि घूं. आवाजाची कळ शून्यावर असताना ॲम्प्लिफायरच्या टोकाला एक मिलिव्होल्ट गोंगाट उरला, तर ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो कान लावल्याशिवाय कळत नाही. तेवढ्याच ओहमच्या १०० डेसिबलच्या स्पीकरवर तोच गोंगाट १४ डेसिबल मोठा होतो, आणि रात्रीच्या शांत खोलीत खुर्चीपर्यंत येतो. माहितीपत्रकातल्या सिग्नल-नॉइजच्या आकड्यानेही फसू नये, कारण तो पूर्ण शक्तीच्या तुलनेत दिलेला असतो. १०० वॅटच्या यंत्राचे ९० डेसिबल आणि १० वॅटच्या यंत्राचे ८० डेसिबल हे दोन्ही हिशेब एकाच गोंगाटाशी येऊन थांबतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी स्पीकर नेता आले नाहीत, तरी चांगला मल्टिमीटर घेऊन जावे, इनपुट शॉर्ट करावे, कळ शून्यावर ठेवावी आणि स्पीकरच्या टोकांवर एसी मिलिव्होल्ट मोजावेत. पाव मिलिव्होल्टाच्या आत आकडा आला तर पुढचे बोलणे करावे.

वाईकर

साठावा भाग हे वाचून मी थक्क झालो. मग सिनेमाच्या तंबूत शेकडो माणसांना किती वॅटमध्ये ऐकवत असत?

निवृत्त_तंत्रज्ञ (कऱ्हाड)

वाईकरसाहेब, आपल्या प्रश्नातच या पेट्यांचे मूळ आहे. बोलपट सुरू झाले तेव्हा ॲम्प्लिफायर अवघ्या काही वॅटांचे असत, आणि मोठे सभागृह तेवढ्यात भरायचे म्हणून कर्णा वापरणे अपरिहार्य होते. कर्णा स्पीकरच्या आतल्या कंप पावणाऱ्या पडद्याच्या लहानशा हालचालीची आणि मोकळ्या हवेची सांगड घालतो, त्यामुळे विजेतील बराच मोठा वाटा आवाजात उतरतो. घरासाठी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये क्लिप्शहॉर्न बाजारात आणला. तोही खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग करून घेतो आणि वॅटाला १०० डेसिबलच्या वर जातो. त्या काळी घरातले ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटांचेच असत आणि ते पुरतही असत.

जवारी (मिरज)

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात, त्यामुळे विजेच्या गणितात मी बोलणार नाही, पण ॲम्प्लिफायर पारखण्याची आमची एक रीत आहे ती सांगतो. कोणत्याही ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी गायक सूर लावण्यापूर्वीचा नुसता तंबोरा ऐकावा. घोडीच्या किंचित गोलाईवरून तार सरकत कंप पावते, मध्ये सूत असते, आणि त्यामुळे एकाच तारेतून वरचे स्वर एकापाठोपाठ एक उलगडत जातात. जवारी नीट उघडली असेल तर खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. छेडल्यानंतरचा पहिला ठोसा कोणतेही यंत्र वाजवून दाखवते. तार विझत जाताना वरचे स्वर शेवटपर्यंत गोल राहतात की चरचरीत होतात, यावर लक्ष ठेवावे. मी साताऱ्यात एका मोठ्या ट्रान्झिस्टर यंत्रावर माझ्याच हातचा तंबोरा ऐकला होता. छेड उत्तम होती, पण विझताना जणू घोडीवर कचरा बसल्यासारखा आवाज येत होता. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरेलपणाची आठवण आजही काढली जाते, तेव्हा आम्हाला तरी ती चरचर सहन होत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

जवारीदादा, आपल्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु एका यंत्रावरून सर्व ट्रान्झिस्टर यंत्रांना दोष देता येणार नाही. ते यंत्र नादुरुस्त असण्याचीही शक्यता आहे. तसेच व्हॉल्व्ह यंत्राची बाजू मांडताना त्याच्या आउटपुट इम्पीडन्सकडे, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विजेच्या अडथळ्याकडे, दुर्लक्ष होते. स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स जास्त असेल, तर जिथे स्पीकरचा इम्पीडन्स चढतो तिथला आवाजही चढतो, आणि वूफरवरचा ताबा सुटतो. सरसरीबद्दल म्हणाल, तर माझ्या रिसीव्हरला २० डेसिबलचे म्यूट बटण आहे, ते दाबले की प्रश्न मिटतो.

निवृत्त_तंत्रज्ञ (कऱ्हाड)

अजिंक्यतारा यांचा पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चूक सुधारणे) नसलेल्या, एकाच व्हॉल्व्हवर पूर्ण लहर उचलणाऱ्या सिंगल-एंडेड यंत्रांबाबत तो फार महत्त्वाचा आहे. लीकची यंत्रे मात्र त्या जातीची नाहीत. हॅरॉल्ड लीक यांनी १९४५ मध्ये भरपूर फीडबॅक देऊन विकृती ०.१ टक्क्यावर आणली आणि त्यावरूनच 'पॉइंट वन' हे नाव दिले. स्टीरिओ २० त्याच परंपरेतला, १९५८ चा आहे. चॅनेलमागे दहा वॅट देणारे हे पुश-पुल, म्हणजे जोडीने काम करणाऱ्या व्हॉल्व्हचे, यंत्र वूफर बऱ्यापैकी ताब्यात ठेवते.

म्यूट बटणाचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ते बटण बहुतेक यंत्रांत आवाजाच्या कळीच्या आसपासच असते, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यांत जन्मणारी सरसर त्याने कमी होत नाही. कळीच्या दृष्टीने ते उपयोगाचे आहे, कारण जुन्या रिसीव्हरचे ऑक्स इनपुट १५० मिलिव्होल्टांत पूर्ण शक्ती देते आणि सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो. त्यात १०० डेसिबलचा स्पीकर आला, की कळ घड्याळातल्या सातच्या जागेवरून आठच्या जागेवर नेताच खोली भरते. कळीच्या तळाशी दोन चॅनेलांच्या कार्बनच्या पट्ट्या कधीही सारख्या चालत नाहीत, त्यामुळे गायक मधून सरकून एका बाजूला जातो. ज्या यंत्रांना मागे प्री-आउट (प्रीॲम्प्लिफायरमधून बाहेर) आणि मेन-इन (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आत) अशी वेगळी टोके आहेत, त्यांत मधला जोड काढून तिथे आवाजाची पातळी २० डेसिबलने उतरवणारा साधा दोन रोधांचा ॲटेन्युएटर बसवावा. त्याने कळही वर येते आणि प्रीॲम्प्लिफायरची सरसरही तेवढीच खाली जाते. रिसीव्हर घ्यायचाच असेल तर ही टोके असलेलाच घ्यावा.

जवारी यांनी कानाने जे टिपले, त्याला आम्ही क्रॉसओव्हर विकृती म्हणतो. क्लास-बी किंवा एबी यंत्रात लहरीची वरची बाजू एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालची दुसरा, आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर जागे ठेवणारा स्थिर प्रवाह, कमी पडला तर हातबदल होताना लहर क्षणभर अडखळते. ही अडखळण आवाज मोठा असताना झाकली जाते, आणि तार विझत असताना, म्हणजे लहर लहान होत असताना, तिचे प्रमाण वाढत जाते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जिथे अर्धा वॅट लागतो, तिथे आपल्या स्पीकरवर वॅटाचा पन्नासावा हिस्सा चालतो, म्हणजे आपण कायम यंत्राच्या याच नाजूक भागात ऐकत असतो. चाळीस-पन्नास वर्षांत बायसचे प्रीसेट गंजतात आणि ठरलेला प्रवाह उरत नाही. त्यामुळे साताऱ्यातले ते यंत्र नादुरुस्त असावे, हा तर्क मलाही योग्य वाटतो. क्लास-ए यंत्रात हा हातबदलच नसतो. जॉन लिन्स्ले हूड यांनी एप्रिल १९६९ च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात चार ट्रान्झिस्टरांचे दहा वॅटांचे क्लास-ए मंडल छापले होते. त्यावरून मी स्वतः तीन ॲम्प्लिफायर बांधले आणि ते तिन्ही आजही संवेदनशील स्पीकरांवरच लावलेले आहेत.

हळदपेठ (सांगली)

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, परंतु आपल्या भागातल्या दोन गोष्टी राहिल्या आहेत. पहिली पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावर पाच दिवस पाणी होते आणि त्यात माझा एक जुना ॲम्प्लिफायर गेला. वाळवल्यानंतर तो सुरू झाला, पण आठ महिन्यांनी ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला, कारण गुंडाळ्यांमधल्या कागदात शिरलेला ओलावा आणि गाळ कधीच पूर्ण निघत नाही. सांगली-मिरजेत किंवा कोल्हापूरकडे जुने यंत्र पाहायला गेलात, तर खालचे झाकण उघडून स्क्रूच्या खाचांमध्ये गाळ आहे का ते आवर्जून पाहावे. असल्यास स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अमेरिकी बाजारातला १२० व्होल्टांचा रिसीव्हर घेतला. विक्रेत्याने ६० हर्ट्झचा शिक्का मागच्या पट्टीवर असूनही सांगितला नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही तो आपल्या ५० हर्ट्झवर गुणगुणत असे आणि भाजेल इतका तापत असे. मागच्या पट्टीवर ५०/६० असे दोन्ही लिहिलेले असेल, तरच व्यवहार करावा. जपानच्या अंतर्गत बाजारातली यंत्रे तर १०० व्होल्टांची असतात, ती ११० च्या ट्रान्सफॉर्मरला लावून लोक आपल्या हाताने त्यांचे आयुष्य कमी करतात.

ईएल८४ (इस्लामपूर)

हळदपेठ यांच्याशी मी सहमत आहे, आणि व्हॉल्व्ह यंत्राबाबत त्यात भर घालतो. रात्री शेतीपंपांचा भार उतरला की आमच्याकडे व्होल्टेज २५० च्या वर जाते, आणि तंतूंना ६.३ च्या जागी सात व्होल्ट मिळू लागले की व्हॉल्व्ह लवकर थकतात. स्टॅबिलायझर हवाच. लीक बराच काळ बंद असेल तर त्याला थेट मेन्सला लावू नये, प्रथम सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक दिवा जोडून, पाहावे. त्यातले कपलिंग कंडेन्सर गळू लागले असतील तर ईएल८४ च्या ग्रिडवर धन दाब जातो आणि प्लेट लाल होते. ते सर्व आधी बदलून घ्यावेत. व्हॉल्व्ह मिळण्याची चिंता करू नये. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बीईएल छापाचे जुने ईएल८४ अजून सापडतात आणि परदेशात नवीनही बनतात. लीकला १६ ओहमचे टोक मिळते, ही धागाकर्त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, कारण ट्रान्झिस्टर यंत्राची शक्ती १६ ओहमवर जवळजवळ निम्मी होते.

अजिंक्यतारा (सातारा)

निम्मी झाली तरी ती गरजेच्या तीसपट उरते, हे वरच्या हिशेबावरूनच दिसते. परंतु प्री-आउटच्या जागी ॲटेन्युएटर लावण्याची युक्ती मी काल संध्याकाळी माझ्या यंत्रावर करून पाहिली, आणि ट्वीटरजवळची सरसर इतकी उतरली, की बारा वर्षे हे का केले नाही याची हळहळ वाटली. तंत्रज्ञकाकांचे मनापासून आभार.

तबकडी (कोरेगाव)

क्वाडबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगते. ३०३ हा १९६७ चा, ४५ वॅटांचा आहे. त्याचे दोन गुण या धाग्याला लागू पडतात. त्याचा वीजपुरवठा नियमित केलेला आहे, त्यामुळे मेन्सच्या चढउताराचा परिणाम फार कमी होतो. आणि त्याचे आउटपुट कंडेन्सरमधून जाते, त्यामुळे आतला ट्रान्झिस्टर जळला तरी डीसी स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. पुन्हा न मिळणाऱ्या वूफरसाठी यापेक्षा मोठी खात्री नाही. दोष येताच स्पीकर तोडणारा रिले नसलेल्या, थेट जोडणीच्या यंत्रात तो धोका कायम असतो. अशा यंत्रात स्पीकर जोडण्यापूर्वी टोकांवर डीसी मोजावा आणि ५० मिलिव्होल्टांपेक्षा जास्त असेल तर दुरुस्तीशिवाय जोडू नये. ३३ बद्दल मात्र मी सावध करीन. त्याचे रेडिओ इनपुट १०० मिलिव्होल्टांचे आहे, त्यामुळे सीडीला ते फारच तिखट पडते, आणि सर्व टोके डिन प्रकारची (जुनी गोल, अनेक पिनांची) असल्याने जोडतारा करून घ्याव्या लागतात.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे लागले, पण तिन्ही यंत्रे प्रत्यक्ष पाहिली, आणि शेवटची तुलना जवारी यांच्या मिरजेतल्या कार्यशाळेत, माझे दोन्ही स्पीकर टेम्पोने नेऊन केली. तिथे त्यांचे काका आणि आणखी दोघे कारागीर हातातले काम बाजूला ठेवून ऐकायला बसले होते.

रिसीव्हरच्या टोकांवर १.१ मिलिव्होल्ट मिळाले आणि त्याला प्री-आउट नव्हते, त्यामुळे तो पुण्यातच सोडला. लीकवर तंबोरा सुरू झाला तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. खर्जाची तार भरीव होती आणि तिच्यातला गांधार स्पष्ट उभा राहिला. मात्र गाणे थांबले की उजव्या कर्ण्यातून घूं ऐकू येत होती. मोजली तेव्हा ती पाऊण मिलिव्होल्ट होती, आणि मला रात्री ऐकायचे असल्याने ती खटकली. ३०३ आम्ही ३३ शिवाय लावला. सीडी प्लेयर आणि ३०३ यांच्यामध्ये फक्त १० किलो-ओहमची आवाजाची कळ ठेवली, कारण ३०३ ला पूर्ण शक्तीसाठी अर्धा व्होल्ट पुरतो आणि सीडी त्याच्या चौपट देते. कळ निम्म्याच्या जवळ आली, गायक मधोमध उभा राहिला, आणि मल्टिमीटर ०.१ च्या पुढे गेला नाही. तंबोरा लीकपेक्षा किंचित कोरडा होता, परंतु विझताना चरचर आली नाही. काकांनी तार संपेपर्यंत डोळे मिटून ऐकले आणि लीककडे बोट दाखवले. मी ३०३ घेतला आहे.

आता दोन प्रश्न उरले आहेत. तबकड्यांसाठी ३३ मधला फोनो भाग (तबकडीच्या सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा) वापरावा की वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर करून घ्यावा? आणि लीकची घूं काढता येईल का? त्याचे मालक विकायला तयार आहेत आणि काकांचे बोट माझ्या मनातून जात नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ (कऱ्हाड)

घूं एकाच चॅनेलला आहे, त्यामुळे प्रथम दोन्ही बाजूंचे ईसीसी८३ हे लहान व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहावेत. घूं व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेली तर दोष त्या व्हॉल्व्हच्या तंतूत आहे आणि तो बदलला की काम होईल. जागीच राहिली तर वीजपुरवठ्याचे फिल्टर कंडेन्सर आणि अर्थचा जोड पाहावा लागेल. फोनोसाठी वेगळा, बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प्लिफायर योग्य होईल, त्याचे मंडल मी काढून देतो. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मिरजेला येत आहे. चार ईसीसी८३, सिरीज बल्ब आणि मीटर माझ्याबरोबर असतील. लीकच्या मालकांना तोपर्यंत यंत्र चालू करू नका, एवढे सांगून ठेवावे.

जवारी (मिरज)

तंत्रज्ञकाका, स्टेशनवर घ्यायला मी येतो. लीक शनिवारी रात्रीच कार्यशाळेत आणून ठेवतो आणि तंबोराही जुळवून ठेवतो.